खेड्यात शूटिंग रेंज काढताना: जमीन, परवाने आणि छऱ्यांचा हिशेब

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून विदर्भातही ‘आपल्या वावरात रेंज काढता येईल का’ अशी विचारणा वाढली आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ३०० मीटरची लांब रेंज असते, कारण पाच एकर मोकळी जमीन डोळ्यांसमोर असली की लांब पल्ल्याचेच चित्र उभे राहते. माझा सल्ला याच्या उलट आहे. पहिल्या दोन वर्षांचा पैसा १० मीटरच्या, छताखालच्या एअर रायफल रेंजवर घालावा, ५० मीटरसाठी जागा राखून ठेवावी, आणि ३०० मीटरचा विचार जमिनीच्या मागे खरोखर टेकडी उभी असेल तरच करावा.

याचे कारण गोळीच्या पल्ल्यात आहे. लक्ष्य ५० मीटरवर असले तरी पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलची चुकलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि ३०० मीटरला वापरल्या जाणाऱ्या मोठ्या बोअरच्या गोळीचा धोका त्याच्या दुपटीहून अधिक अंतरापर्यंत राहतो. म्हणजे पाच एकरांची मालकी येथे अपुरी ठरते. गोळीच्या दिशेला पुढे कोणाची वावरे आहेत, पांदण कुठून जाते, गुरे कुठे चरतात, हे सगळे हिशेबात धरावे लागते. वर्धा-यवतमाळकडील सपाट पट्ट्यात ‘समोर काहीच नाही’ असे मालक सांगतो, तेव्हा ते उन्हाळ्यातले दृश्य असते. तीच जागा नोव्हेंबरमध्ये पाहावी. डोक्याएवढ्या तुरीत निंदणाऱ्या बाया असोत की जागलीवरून परतणारा माणूस असो, फायरिंग पॉइंटवरून कोणीही दिसत नाही. म्हणून जागा वर्षातून निदान दोनदा, एकदा रिकामी असताना आणि एकदा पीक उभे असताना, पायी फिरून पाहावी. गोळीबाराची दिशा उत्तरेकडे ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन नेमबाजाच्या डोळ्यांवर येत नाही.

गोळी अडवणारा मातीचा बांध ही उघड्या रेंजवरची सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे आणि चूकही सर्वांत जास्त तिथेच होते. आम्ही पहिला बांध जागेवरच्या काळ्या मातीचा घातला होता. मे महिन्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि जुलैच्या झडीत त्याची पुढची बाजू खचून माथा कंबरभर खाली आला. निव्वळ मुरूमही चालत नाही, कारण त्यातल्या दगडाला आपटून गोळी कुठेही उसळते. शेवटी आत मुरूम दाबून भरला, पुढच्या बाजूला चाळून दगड काढलेल्या मातीचा व वाळूचा जाड थर दिला, आणि मागच्या उतारावर गवत लावले, तेव्हा बांध टिकला. दर पावसाळ्यानंतर त्याची उंची मोजून नोंदवहीत लिहावी. बांधाची अंतिम उंची, बाजूच्या भिंती आणि वरचे आडवे बॅफल (वर उडालेली गोळी अडवणारे फळे) मात्र तपासणी करणारे अधिकारी व अनुभवी तांत्रिक माणूस ठरवतील तसेच करावेत. येथे अंदाजाने काम करू नये.

आता कायदा. मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. या नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेची १० मीटर एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलचीच असल्यामुळे ती या मर्यादेत आरामात बसते. पॉइंट टू टू आले की चित्र बदलते. संस्थेच्या शस्त्रांना परवाना, दारूगोळ्याचा हिशेब, शस्त्रे ठेवण्याची पक्की खोली, पोलिसांचा अहवाल आणि रेंजची सुरक्षा तपासणी हे सगळे मागे लागते. ग्रामीण भागात परवान्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला स्वतःच्या नावाने परवाना मिळत नाही. तिचा सराव नियमांतील प्रशिक्षणाच्या तरतुदीखाली आणि देखरेखीतच होऊ शकतो. प्रतिबंधित बोअरच्या शस्त्राला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. हे वाचूनही कोणाला ३०० मीटरनेच सुरुवात करायची असेल, तर त्याच्याजवळ जमिनीपेक्षा धीर मोठा असला पाहिजे.

जमिनीची कागदपत्रे शस्त्रांच्या कागदपत्रांआधी तपासावीत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) अशी नोंद असेल किंवा जमीन भूदानातून आलेली असेल, तर वापर बदलण्याआधीच अडचण उभी राहते. शेतजमिनीवर व्यवसाय करायचा म्हणजे अकृषिक वापराचा प्रश्न आधी तहसील कार्यालयात स्पष्ट करून घ्यावा, सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करावेत आणि ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा. ताडोबा, पेंच किंवा मेळघाटच्या आसपास जागा असेल तर वन विभागाला, आणि पुलगावच्या दारूगोळा भांडारासारख्या संरक्षण आस्थापनेजवळ असेल तर त्या आस्थापनेला, पैसा खर्च करण्याआधी विचारावे.

दहा मीटरच्या हॉलसाठी नवी इमारत लागत नाही. कापसाचे जुने गोदाम उत्तम चालते. नेमबाजाची उभी राहण्याची जागा, मधले १० मीटर आणि लक्ष्यामागची जागा धरून सोळा-सतरा मीटर लांबी पुरते. प्रत्येक लेन किमान एक मीटर रुंद असावी आणि लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर यावा. एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे लक्ष्यावरच्या उजेडात कसूर चालत नाही. तेथे १५०० लक्स प्रकाश हवा. लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासूनच खर्चात धरावा. टिनाच्या छताखाली एप्रिलमध्ये कूलरशिवाय कोणी उभे राहणार नाही, पण कूलर बाजूला ठेवला की लक्ष्याचे कागद फडफडतात. तो नेमबाजांच्या पाठीमागे, झोत वरच्या अंगाला करून ठेवावा. एअर रायफलमध्ये भरायच्या हवेचे सिलिंडर साधारण २०० बारच्या दाबाने भरलेले असतात, ते उन्हात किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नयेत. छर्रे शिशाचे असतात, म्हणून लेनवर खाणेपिणे बंद ठेवावे, सरावानंतर साबणाने हात धुण्याची सक्ती करावी आणि साठलेले शिसे कोरडे झाडू न मारता काळजीपूर्वक गोळा करावे.

उत्पन्नाचा हिशेब लेन मोजून नव्हे, छर्रे मोजून करावा. समजा आठ लेन आहेत, तीस विद्यार्थी आहेत आणि महिन्याची फी बाराशे रुपये आहे. म्हणजे हाती छत्तीस हजार येतील. एक विद्यार्थी रोज साठ छर्रे झाडतो आणि महिन्यात बावीस दिवस येतो असे धरले, तर तीस जणांचे मिळून ३९,६०० छर्रे होतात. छऱ्याचा दर एक रुपया धरला तरी प्रशिक्षकाचा पगार आणि विजेचे बिल देण्याआधीच फी संपली! म्हणून फी फक्त जागा, रायफल व शिकवणी यांची ठेवावी, आणि छर्रे व कागद वेगळे विकावेत. सुरुवातीला रिकाम्या रायफलने निशाणा धरण्याचा सराव अधिक ठेवावा. तो खर्च वाचवतो आणि शिस्तही लावतो. फीची वसुली कपाशीच्या विक्रीशी बांधलेली असते, हे शहरातून आलेल्या प्रशिक्षकाला समजावून सांगावे लागते. जून ते सप्टेंबर थकबाकी राहणारच. ती डिसेंबर-जानेवारीत निघते. तेवढे चार महिने तग धरण्याइतकी गंगाजळी नसेल तर सुरुवात एक हंगाम पुढे ढकलावी.

जंगल पाहायला आलेल्या पर्यटकांकडून तासाचे पैसे घेण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण मी तिच्या बाजूचा नाही. एकदाच येणारा माणूस फोटोसाठी बंदूक वळवतो आणि रेंज ऑफिसरचे सगळे लक्ष त्याच्याकडे जाते. टिकणारे उत्पन्न आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतून येते. त्यासाठी जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेशी आणि तिच्यामार्फत महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी संबंध ठेवावेत, कारण मुलाला अधिकृत स्पर्धेत उतरता आले नाही तर पालक दुसऱ्या वर्षी फी भरत नाहीत. राज्यातील शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, मात्र ते ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरीवर आणि प्रमाणपत्राच्या पडताळणीवर अवलंबून असते, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. ‘रेंज लावली म्हणजे पोलीस भरती पक्की’ असे बोर्डावर लिहिणारे पुढे तोंड लपवतात.

ग्रामसभेत हमखास विचारला जाणारा प्रश्न रानडुकरांचा आणि रोह्यांचा (नीलगायींचा) असतो. पिकाचे नुकसान खरे आहे, पण वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे रेंजवरचे शस्त्र त्या कामाला लावता येत नाही, आणि एअरगनने पाखरे मारणेही गुन्हाच आहे. हे उत्तर ठरावाच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे. उघडी रेंज सुरू झाल्यावर सरावाच्या वेळा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. उन्हाळ्यात त्या सकाळी सहा ते नऊ एवढ्याच ठेवाव्यात, कारण त्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा हलू लागते आणि लांबचे लक्ष्य पाण्यात तरंगल्यासारखे दिसते. सराव चालू असेपर्यंत चारही धुऱ्यांवर (हद्दींवर) लाल झेंडे उभे ठेवावेत, आणि झेंडा उतरल्याखेरीज बैल त्या बाजूला न्यायचे नाहीत, हे शेजारच्या वावरातल्या सालदाराला सोबत नेऊन, झेंडा दाखवून सांगावे.