पायथॉनमध्ये रुपये-पैशांचा हिशेब चोख कसा ठेवावा

पायथॉनला १९.९९ गुणिले १०० विचारा. उत्तर येतं १९९८.९९९९९९९९९९९९८. त्यावर इंट (दशांश भाग टाकून पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं की उरतात १९९८ पैसे, म्हणजे गिऱ्हाइकाचा एक पैसा गेला. फ्लोट, म्हणजे पायथॉनचा नेहमीचा दशांश संख्यांचा प्रकार, संख्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि १९.९९ तिथे नेमकी मावत नाही, जसं एक तृतीयांश दशांशात कधी पूर्ण लिहून होत नाही. म्हणून किराण्याची उधारी असो की भिशी, पैशांसाठी फ्लोट वापरूच नका. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. रुपये फक्त छापताना दाखवा.

आता रक्कम आत घेऊ. वापरणाऱ्याने टाइप केलेलं वाचणारं इनपुट नेहमी मजकूरच देतो. आधी कडेच्या मोकळ्या जागा, रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम काढा, कारण आपली माणसं १,२५,००० असंच लिहिणार आणि ते चूक नाही. देवनागरी ५० मात्र पायथॉनला थेट समजतात, ते बदलत बसू नका.

मग हा मजकूर थेट डेसिमलला, म्हणजे दशांश संख्या नेमकी साठवणाऱ्या पायथॉनच्या प्रकाराला, द्या. मध्ये फ्लोट केलात तर चूक आधीच शिरलेली असते. 'पन्नास' असं अक्षरी आलं तर डेसिमल व्हॅल्यू-एरर ही चूक देत नाही, इनव्हॅलिड-ऑपरेशन देतो. चूक पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये हेच नाव लिहा. नुसतं एक्सेप्ट लिहिलंत तर प्रोग्राम थांबवणारं कंट्रोल-सीसुद्धा गिळलं जातं आणि वापरणारा लूपमध्ये अडकतो.

एवढ्यावर थांबू नका. 'नॅन' (संख्या नाही) आणि 'इन्फिनिटी' (अनंत) हे शब्द इंग्रजीत टाइप केले तर डेसिमल ते बिनतक्रार स्वीकारतो! त्यामुळे आधी इज-फायनाइटने ती खरी, मर्यादित संख्या आहे का ते तपासा, मग रक्कम शून्याहून मोठी आहे का, आणि दशांशानंतर जास्तीत जास्त दोनच अंक आहेत का. सगळं ठीक असेल तरच १०० ने गुणून इंट करा. नाहीतर लूप फिरवून पुन्हा विचारा, पण 'चुकीचं इनपुट' एवढंच सांगू नका. समोर दुकानात बसलेला माणूस आहे. त्याला लिहा, 'रक्कम आकड्यांत लिहा, उदा. १२५.५०'.

भागाकारात वेगळी अडचण येते. १०० रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी ३३३३ पैसे आणि एक पैसा उरतो. पूर्णांक भागाकार आणि बाकी, दोन्ही काढा. उरलेला पैसा पहिल्याच्या नावावर टाका, नाहीतर शेवटच्याच्या. कुणाच्या ते प्रोग्राममध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे वाटणीची बेरीज पुन्हा १०,००० पैसेच येईल.