कंपवात: चाल बिघडली की आधी घड्याळ बघा, या चुका टाळा

बाबांना कंपवात म्हणजे पार्किन्सन आहे. त्यांचे पाय उंबऱ्याशी अडकायला लागले, तेव्हा आम्ही सगळे एकच म्हणालो, "आजार वाढला." आजार तेवढाच होता. कंपवातावरच्या लिव्होडोपा या औषधाची सकाळची गोळी ते ग्लासभर दुधाबरोबर घेत होते, हे आमच्या लक्षात यायला कित्येक महिने गेले. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं आणि लिव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेनं जातात. त्या गर्दीत औषध मागे राहतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पाण्याबरोबर घ्यावी. मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट चालतं. प्रथिनं मात्र तोडू नका, अंग खंगतं. लोहाची गोळी आणि ही गोळी यांतही दोन तासांचं अंतर हवं.

दुसरी चूक म्हणजे "पाय अडकतोय ना, मग अजून अर्धी घ्या." काहींचे पाय गोळीचा असर उतरताना अडकतात, काहींचे असर पूर्ण चढलेला असतानाही. दुसऱ्या प्रकारात डोस वाढवून चाल आणखी बिघडू शकते. आठवडाभर वहीत लिहा: गोळी किती वाजता, पाय किती वाजता अडकले, अंग आपोआप कधी वळवळलं. ही वही डॉक्टरांना दाखवा. आमच्या बाबांचा डोस ती पाहूनच बदलला.

सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते पोटाच्या आणि चक्करेच्या औषधांबद्दल. ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये लिव्होसल्पिराइड असतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन सर्रास मिळतं. लिव्होडोपापासून मेंदूत डोपामिन हे रसायन बनतं आणि ही औषधं त्या डोपामिनचीच वाट अडवतात. कंपवात नसलेल्या माणसालाही त्यांनी कंप सुटतो, चाल मंदावते. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा आणि कंपवात आहे हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा.

खाजकुइलीच्या चूर्णातही लिव्होडोपाच असतं. ते गुपचूप घेतलं तर डोस नकळत वाढतो.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब आधी बसून आणि मग उभं राहून मोजून घ्या. कंपवाताच्या औषधांनी तो उतरू शकतो आणि माणूस पडतो.

कंपवाताच्या गोळ्या मनानं एकदम बंद करू नका. ताप येऊन अंग लाकडासारखं ताठरू शकतं, जिवावर बेतू शकतं. रुग्णालयात भरती करताना वेळांचा कागद आणि गोळ्यांचा डबा सोबत न्या.