झाडाखाली डबे ठेवणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी रत्नागिरीत रस्त्याकडेच्या एका जुन्या आंब्याखाली, झाड किती पाऊस अडवतं ते डब्यांनी मोजत, अख्खा पावसाळा काढला. उघड्यावरच्या पावसातून पानांतून गळणारं थ्रूफॉल आणि खोडावरून ओघळणारा स्टेमफ्लो वजा केला की उरतं ते इंटरसेप्शन, म्हणजे झाडाने अडवलेलं पाणी, एवढं तुम्हाला येतच असेल. मी अडकले ते पुढे.

जूनमध्ये एक हलकी सर आली. बाहेर ५ मिलिमीटर, झाडाखालच्या डब्यांत सरासरी ३, खोड जवळजवळ कोरडं. म्हणजे ४० टक्के पाऊस झाडाने अडवला! मी हरखून गेले. सरांना दाखवलं, ते म्हणाले, "छान." तोच आकडा धरून मी पूर्ण रस्त्यावरून गटारात जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडून टाकला.

जुलैत एका रात्री १०० मिलिमीटरच्या वर कोसळला. सकाळी डबे मोजले, तर अडलेलं पाणी जेमतेम ३ टक्के. डबे कलंडले असतील, कुणी पाणी ओतलं असेल, काय काय मनात आलं. दोन दिवस नीट जेवले नाही. डब्यांत काहीच चूक नव्हती, चूक टक्क्यांत होती.

नीट बघा. पानं ओली व्हायला, बेचक्यांत आणि सालीच्या भेगांत पाणी भरायला ठरावीकच पाणी लागतं. समजा, एका झाडाला २ मिलिमीटर. ते भरलं की पुढचं पाणी खालीच येणार. मग ५ मिलिमीटरच्या सरीत ४० टक्के, २० च्या सरीत १०, आणि १०० मिलिमीटरच्या झोडीत २ टक्के. झाड तेच, पानं तीच. वर कोकणातली जुलैची हवा एवढी दमट की पाऊस चालू असताना वाफ होऊन जाणारं पाणी थोडंच. म्हणून टक्के शेवटी काढा. वहीत मिलिमीटर लिहा आणि प्रत्येक सर वेगळी लिहा. सकाळी साडेआठला वेधशाळेसारखी दिवसाची एकच बेरीज घेतलीत तर घात झाला. दिवसभरात २० मिलिमीटर चार सरींत पडला, मध्ये वारा-ऊन मिळून पानं सुकली, तर झाड चार वेळा भरतं. तोच पाऊस सलग पडला तर एकदाच. उघडीप किती वेळ होती ते लिहिलं नाहीत, तर हा फरक नंतर कुठून आणणार?

डबा एकच ठेवू नका, हे दुसरं. माझ्या एका डब्यात उघड्यावरच्यापेक्षा जास्त पाणी यायचं. शेजारच्या आजींनी लांबूनच सांगितलं, "बाय गो, तो पागोळीखाली ठेवलायस." वर बघितलं तर खरंच, एका वाकलेल्या फांदीच्या टोकावरून धार लागली होती. पंधरा-वीस डबे ठेवा आणि दर काही दिवसांनी जागा बदला. डब्याचं तोंड १०० चौरस सेंटिमीटर असेल तर १० मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर. सुपारीसारख्या सरळ, गुळगुळीत खोडाला स्टेमफ्लोची पन्हळ लावायलाच हवी.

झाडं किती पाणी अडवतात याचा अंदाज देणारं आय-ट्रीसारखं सॉफ्टवेअर आधी उघडू नका, असं माझं ठाम मत आहे. ते अमेरिकेच्या वनखात्याने बनवलेलं आहे आणि चांगलं आहे. पण आपल्या झाडाखाली एक पावसाळा भिजल्याशिवाय त्यातला आकडा खरा की खोटा हे ओळखता येत नाही. आणि मार्गदर्शक असा बघा, जो एकदा तरी छत्री घेऊन जागेवर येईल.

जुलैचे आकडे बघून झाडं निरुपयोगी वाटतील, मलाही वाटली होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तसला पूर पानं थोपवू शकत नाहीत, हे प्रामाणिकपणे लिहा. पण १०० चौरस मीटर विस्ताराच्या झाडावरचे २ मिलिमीटर म्हणजे २०० लिटर, आणि पानं सुकल्यावर येणाऱ्या प्रत्येक सरीला तेवढे. शिवाय बुंध्याशी माती मोकळी असेल तर मुळांच्या वाटेने पाणी जिरतं. माझ्या आंब्याच्या एका बाजूला पालापाचोळा होता, तिथे पाणी साचत नसे. दुसऱ्या बाजूला खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक लावलेले, तिथून ते थेट गटारात जायचं. तुम्ही जागा निवडाल तेव्हा डबे ठेवण्याआधी बुंध्याभोवती माती किती उघडी आहे, ते टेपने मोजून ठेवा. मी ते मोजलं नाही, आणि पुढच्या मे महिन्यात गेले तर उरलेल्या मातीवरही काँक्रीट पडलं होतं.