वितळलेल्या क्षाराची घनता कमी येत होती, ती अशी सुधारली

मोल्टन सॉल्ट अणुभट्टीत युरेनियम वितळलेल्या फ्लोराइड क्षारातच मिसळलेलं असतं. अमेरिकेतल्या ओक रिजची प्रायोगिक भट्टी 1965 ते 1969 अशीच चालली. तसलं इंधन कोल्हापुरात कुठलं! मोजणीची पद्धत बसवायला आम्ही सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेट वजनाने 60:40 घेतलं. 300 अंश सेल्सिअसला घनता सुमारे 1.90 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर यायला हवी. आमची सतत कमी.

पद्धत आर्किमिडीजचीच: तारेला टांगलेला निकेलचा गोळा क्षारात बुडवायचा, वजन किती घटलं ते पाहायचं. पण पृष्ठताण तारेला खाली ओढतो, म्हणून घट कमी दिसते. उद्यमनगरातल्या टर्नरकडून वेगळ्या आकारमानाचा दुसरा गोळा करून घेतला. तार तीच, बुडीही तेवढीच. दोन्ही घटींतला फरक भागिले आकारमानांतला फरक केलं, की तारेची ओढ आपोआप गळते. आकडा जागेवर आला.

आकारमान मात्र तापलेल्या गोळ्याचं धरा. 300 अंशाला निकेल जवळपास 1.2 टक्के फुगतं. काट्याखाली पत्र्याचा आडोसा ठेवा, तारेपुरतं भोक पाडून, नाहीतर गरम हवा त्याला नाचवते. क्षार आधी सावकाश वाळवा, इथल्या जुलैत तर नक्कीच. फ्लोराइडला एवढ्यावर भागत नाही: ओल राहिली तर विषारी हायड्रोजन फ्लोराइड निघतो, तिथे आर्गॉन भरलेली बंद पेटीच हवी.