बाजारातून घोडा घरी आणल्यावर पहिला महिना

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची यात्रा भरली की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांच्या रांगा लागतात. मारवाडी, काठियावाडी, उत्तरेकडची उंच जनावरं. घेणारा भोवरे (अंगावरची केसांची वलयं) तपासतो, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) शोधतो, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का पाहतो, चाल बघतो, नाचवून बघतो. ‘हा रोज खातो काय?’ हे विचारायचं मात्र राहून जातं. नवीन घोडा घरी येऊन आठवड्याभरात आडवा पडतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा या न विचारलेल्या प्रश्नात असतं.

घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं. चारा खरा पचतो तो पुढे मोठ्या आतड्यात, आणि तो पचवतात तिथले सूक्ष्मजीव. चारा बदलला की या सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढी सवड न देता धान्य वाढवलं तर न पचलेला पिठूळ भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आतल्या थरांना सूज येते. तिला लॅमिनायटिस म्हणतात, आणि तिने चांगला घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं चुकलं तरी वर यायला वाट नाही.

म्हणून सौदा ठरला की पैसे मोजायच्या आधी विकणाऱ्याकडून चार गोष्टी काढून घ्या: चारा कोणता, चंदी (धान्याचा खुराक) कसली आणि किती किलो, दिवसातून किती वेळा, शेवटची नाल कधी बसवली. त्याच्याकडूनच आठ-दहा दिवसांची चंदी आणि चाऱ्याच्या पेंढ्या विकत घ्या. भाव थोडा जास्त पडेल, पडू द्या. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवालही मागा. या रोगावर उपाय नाही, तो माणसालाही होतो आणि बाधित जनावर मारावंच लागतं. ही तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अहवाल नसेल तर पशुवैद्याकरवी आधी रक्त पाठवा आणि निकाल येईपर्यंत थांबा.

वाहतुकीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोकं उंच बांधणं. घोडा मान खाली घालून नाकातली धूळ आणि शेंबूड बाहेर काढतो. रात्रभर मान वर बांधलेली राहिली तर तीच घाण फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप येतो. दोर इतका सैल ठेवा की तोंड छातीच्या खाली जाईल, पण पाय अडकणार नाही. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. टेम्पोच्या पत्र्यावर रबरी चटई किंवा चार बोटं माती टाका, नुसत्या पत्र्यावर नाल घसरते. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून पाणी दाखवा आणि मान मोकळी सोडा. वाटेत वाळलेलं गवत चालेल, चंदी अजिबात नको.

घरी उतरवल्यावर पाच-दहा मिनिटं हळू फिरवा, पाणी द्या, वाळलेलं गवत पुढ्यात टाका. त्या रात्री चंदी देऊ नका. गावात मिरवणूक तर नकोच, हौस पुढच्या महिन्यात भागवा. घरी आधीचा घोडा असेल तर नव्याला तीन आठवडे लांब ठेवा. बादली, तोबरा (चंदीची पिशवी), खरारा (अंग घासायचा ब्रश), सगळं वेगळं. जबड्याखाली गाठ, नाकातून पिवळा पू, ताप ही स्ट्रँगल्स या संसर्गजन्य रोगाची लक्षणं आहेत आणि ती पंधरवड्याच्या आत दिसतात.

पहिले सात दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. थर्मामीटरला दोरी बांधून तिचं दुसरं टोक चिमट्याने शेपटीच्या केसांना लावा, म्हणजे तो आत ओढला जाणार नाही की पडून फुटणार नाही. मागे उभं राहू नका. डाव्या मांडीला अंग टेकवून, शेपूट बाजूला धरून मोजा. ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. १०१.५ च्या वर गेला, खोकला आला किंवा चारा खाणं सोडलं, तर त्याच दिवशी पशुवैद्य. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला लागते. १५ सेकंद मोजून चारने गुणा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. घोडा निरोगी असतानाच हाताला सवय करून घ्या, ऐनवेळी ती जागा सापडत नाही.

आता खाणं. आधी वजन काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६८ आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ३५६ किलो. अशा घोड्याला दिवसाला ७ ते ८ किलो कोरडा चारा लागतो आणि तोच मुख्य आहार. मारवेल, पवन्यासारखं वाळलेलं गवत उत्तम. कडबा चालतो, पण दांडे जाड असतील तर कुट्टी करून द्या. कुट्टी भुशासारखी बारीक नको, घोडा ती न चावता गिळतो. गव्हाच्या भुशावर ठेवलेल्या आणि पाणी कमी पिणाऱ्या घोड्याच्या आतड्यात गोळा अडकतो. काळपट, कुबट वास येणारी पेंढी गाईला चालते म्हणून घोड्यापुढे टाकू नका.

पहिले तीन दिवस विकणाऱ्याचाच चारा आणि त्याच्याच चंदीचा निम्मा भाग. चौथ्या दिवसापासून तुमचा चारा पाव हिस्सा मिसळा, सातव्या दिवशी निम्मा, दहाव्या दिवशी पाऊण, चौदाव्या दिवशी पूर्ण. चंदीही याच पायरीने. हलकं काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला दोन किलो चंदी पुष्कळ होते, तीही तीन वेळांत वाटून. हरभरा आठ-दहा तास भिजवून भरडा. कोरडा अख्खा हरभरा पोटात फुगतो, आणि भिजवून उरलेला दुसऱ्या दिवशी आंबतो, तो फेकून द्या. हरभऱ्यापेक्षा ओट किंवा जव पोटाला हलके. आधी चारा, मग चंदी, आणि चंदीनंतर तासभर तरी खोगीर चढवायचं नाही. बाजारात चकाकी यावी म्हणून धान्याचा मारा झालेला घोडा घरी आल्यावर थोडा उतरलेला दिसतो. त्यावरून घाबरून तोबरा भरू नका.

कोंडा चांगला म्हणून बरेच लोक रोज घालतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. त्याच्या जोडीला संकरित नेपिअर गवत असेल तर त्यातलं ऑक्झॅलेट उरलंसुरलं कॅल्शियमही अडवतं. महिनोन्‌महिने असं चाललं की घोडा हाडातून कॅल्शियम काढू लागतो, चेहऱ्याची हाडं फुगतात आणि चाल अडखळते. रोज किलो-दोन किलो लसूणघास, कापून काही तास सुकवलेला, हा त्यावरचा साधा तोल. शिवाय ३० ग्रॅम मीठ चंदीत, आणि ठाणावर, म्हणजे घोडा बांधायच्या जागी, सैंधवाचा खडा.

काही गोष्टी मात्र गोठ्यातून ठाणावर येऊच द्यायच्या नाहीत. गाई-कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. ते गाईला सोसतं, घोड्याचं हृदय मात्र निकामी करतं, आणि साडेतीनशे किलोच्या घोड्याला एक ग्रॅमच्या आसपासही जीवघेणं ठरतं. एकाच घमेल्यातून दोघांना खाऊ घालणं म्हणूनच नको. हिरवी ज्वारी, विशेषतः कापणीनंतर फुटलेले कोंब, यांत सायनाइड तयार होतं. कुंपणाला कण्हेर असेल तर आधी ती काढा. तिची वाळलेली पानंही तितकीच विषारी, आणि चाऱ्यात पडली तर घोडा ती वेगळी काढत बसत नाही.

पाणी दिवसाला २५ ते ३० लिटर, उन्हाळ्यात ४० च्या पुढे. थंडीत विहिरीतून नुकतंच काढलेलं कोमट पाणी घोडा जास्त पितो. घाम आलेल्या घोड्याला पाणी तोडायचं ही जुनी समजूत सोडा. चार घोट पाजा, फिरवा, पुन्हा पाजा.

ठाण बारा बाय बारा फूट, जमीन कोरडी आणि उताराची. अगाडी-पिछाडी (पुढून-मागून बांधायचे दोर) लावून दिवसभर उभा ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात आणि आतडंही मंदावतं. दिवसातून दोन-तीन तास मोकळा सोडा. लीद रोज बघा. निरोगी घोडा दिवसात आठ-दहा वेळा लीद टाकतो, गोळे ओलसर असतात आणि जमिनीवर पडताच फुटतात. लहान, कडक, वरून चिकट लेप असलेले गोळे म्हणजे पाणी कमी पडतंय.

खूर रोज टाचेकडून टोकाकडे साफ करा. तळाच्या त्रिकोणी भागाच्या खाचांत काळं आणि घाण वास येणारं दिसलं तर ठाण ओलं आहे. मोरचूद लावून उपयोग नाही, आधी जमीन कोरडी करा. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी हवाच. नाल बसवल्यावर एक-दोन दिवसांत घोडा लंगडला आणि तो खूर गरम लागला तर एखादा खिळा जिवंत भागाजवळ गेला आहे असं धरून चाला. नालबंदाला बोलावून तो काढवा, वाट बघू नका.

पहिल्या आठवड्यात घोड्याला धनुर्वाताची लस द्या, आधी कधी दिलेली नसेल तर चार ते सहा आठवड्यांनी दुसरी, मग दरवर्षी. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर नाही. जंताचं औषध लीद तपासून आणि वर काढलेल्या वजनावर द्या. गाईचं इंजेक्शन टोचू नका.

आणि पोटशूळ. घोडा पोटाकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, पुन्हापुन्हा लोळतो, लीद थांबते. चारा काढून घ्या आणि नाडी मोजा. कुशीला कान लावून दोन-तीन मिनिटं ऐका, तिथे नेहमी गुडगुड असते. हिरड्या गुलाबी आणि ओल्या हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. हे सगळं पशुवैद्याला फोनवर सांगा. सरकारी फिरतं पथक १९६२ वर मिळतं, पण गावचा डॉक्टर घोडे क्वचित बघतो. म्हणून घोडा यायच्या आधीच घोड्यांचा जाणकार डॉक्टर शोधून ठेवा. नाडी साठच्या वर, पोट गप्प आणि हिरड्या जांभळट असतील तर घरी थांबण्यात अर्थ नाही, दवाखान्यात न्यायला गाडी बोलवा.

या वेळात बाटलीने तेल, सोडा, ओव्याचा काढा काहीही पाजू नका. वेदनेत असलेला घोडा नीट गिळत नाही आणि ते फुप्फुसात जातं. पशुवैद्य नाकातून नळी घालून आधी जठरात साचलेलं बाहेर काढतो, कारण उलटी होत नसल्याने जठर फुटू शकतं. दुखणं कमी करणारं इंजेक्शन त्याला विचारल्याशिवाय दिलं तर लक्षणं झाकली जातात आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. घोडा शांत पडला असेल तर पडू द्या. अंग आपटत लोळत असेल तरच उठवून दहा-पंधरा मिनिटं चालवा, आणि दमला की थांबवा.