उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा

एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडून धरणाऱ्या एका लिगामेंटचं ऑपरेशन झालं की गुडघ्याखाली मऊ उशी घ्यावीशी वाटते. सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेलं राहणंच सोयीचं वाटतं, म्हणून बरंही वाटतं. पण घात तिथेच होतो. गुडघा तसाच आखडला तर पुढे चाल लंगडी होते आणि ती कसर भरून काढणं फार जड जातं. सर्जनने वेगळं सांगितलं नसेल, तर टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहू द्या. पाय स्वतःच्या वजनाने सरळ होतो. सुरुवातीला मागे ताण बसतो, दोन-तीन मिनिटंही लांबलचक वाटतात. तेवढीच करा, पण दिवसातून अनेकदा. मग गुडघा खाली दाबत मांडी ५ सेकंद आवळून धरा. वाटी मांडीच्या दिशेने वर सरकताना दिसली, की स्नायू जागा होतोय असं समजा.

व्यायाम जास्त झाला का, हे सूज सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाढलेली असेल तर त्या दिवशी कमी करा.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती तिसऱ्या महिन्याची. दुखणं थांबलेलं असतं, पण आत बसवलेला नवा लिगामेंट अजून कच्चाच असतो. उड्या आणि झटकन वळण्याचे खेळ किमान ९ महिने नकोत, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद मोजून घेतल्यावरच.

पोटरी सुजून दुखू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.