माहुलीच्या मुक्कामाला जवळा, सोडे आणि बेदाणे

आईचं माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा (बारीक सुकी कोळंबी), सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) डब्यांत भरून ठेवायचे, हे मी तिच्याकडून शिकले. आता त्यातलेच दोन डबे माझ्या सॅकमध्ये असतात. ठाण्याहून आसनगाव लोकल, पुढे माहुली गाव आणि रात्री गडावर मुक्काम, एवढ्या प्रवासाला याहून हलकं जेवण मला सापडलेलं नाही.

जंगलात चूल पेटवायची नाही, म्हणून भाजणं सगळं घरीच. जवळा आधी नीट निवडा, त्यात रेती आणि काड्या हमखास निघतात. दोन पाण्यांतून धुवून फडक्यावर पूर्ण कोरडा करा, मग मंद आचेवर भाजा. बोटांत चुरडताना कुरकुर वाजला पाहिजे. गार झाला की भाजलेलं सुकं खोबरं, लाल तिखट, कुरकुरीत भाजलेला लसूण आणि आमसुलाची पूड घाला. कांदा मात्र नको. घरच्या चटणीत तो हवाच, पण त्याच्या ओलाव्याने प्रवासात चटणी खराब होते. गरम जवळा डब्यात भरला तरी झाकणाला वाफ धरते आणि तेच होतं.

सोडे गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून छोट्या गॅसवरच्या भातात टाकायचे. दमल्यावर असा गरम भात मिळाला की मुलं ताटाला चिकटून बसतात.

खारा बांगडा मात्र गडावर नेऊ नका. पहिल्या वेळी मी नेला होता. सोबत माणशी एकच लीटर पाणी, आणि मिठामुळे तहान थांबेना. गडाच्या शिडीच्या आधीच बाटल्या रिकाम्या झाल्या आणि आम्ही अर्ध्यातून परतलो. सोबतच्या धाकट्या भाचीचे सुकलेले ओठ मला अजून आठवतात. आता मुक्काम असेल तर माणशी चार लीटर.

मटण सुकवायचं असेल तर मांडीचं, चरबी काढलेलं घ्या, कारण चरबी लवकर खवट होते. अर्धवट गोठवलं की पाच मिलिमीटरच्या पट्ट्या सरळ कापता येतात. मीठ, हळद, मिरी लावून आधी आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापवा (थर्मामीटर लावूनच), आणि मगच ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवा. नुसत्या कोमट हवेत जंतू मरत नाहीत. ठाण्याच्या दमट गच्चीवर तर हा प्रयोग नकोच.

फळांत माझा भरवसा तासगावच्या बेदाण्यांवर. 100 ग्रॅम द्राक्षांत 70 च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या बेदाण्यांत 300. चढताना मूठभर पुरतात. अंजीर फोडून पाहूनच खा, आत कीड असू शकते. भडक केशरी जर्दाळूंना गंधकाची प्रक्रिया केलेली असते. दम्याच्या माणसाला तपकिरी द्या. एका बैठकीत दहा-बारा अंजीर नकोत, पोट बिघडतं आणि गडावर ते निस्तरणं कठीण.

रात्री मासळीचा डबा तंबूत ठेवू नका. घट्ट झाकून, पिशवीत घालून थोडा लांब उंच टांगा, नाहीतर वासाने कुत्री येतात. उरलेला जवळा घरी आल्यावर वांग्यात टाका.